अगर ते सांगतील त्यांचे नावे

साठेखताच्या, म्हणजे जमीन पुढे विकण्याच्या कराराच्या, तिसऱ्या पानावर साधारण मधोमध एक ओळ असते. "मुदतीत राहिलेली रक्कम मिळाल्यावर लिहून घेणार यांचे अगर ते सांगतील त्यांचे नावे खरेदीखत करून देण्याचे आहे." लिहून देणाऱ्याला कागद वाचून दाखवताना चतुःसीमेवर थांबतात, रकमेवर थांबतात. या ओळीवर कुणी थांबत नाही. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. ही ओळ मी आजवर किती कागदांत घातली ते मोजलेलं नाही. खरं सांगायचं तर मी ती घातलेलीही नाही. टायपिस्टच्या कॉम्प्युटरमधल्या नमुन्यात ती आधीपासून आहे. आपण काही केलं नाही की ती राहते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका साठेखताचं खरेदीखत करायला आम्ही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसलो होतो. आत फोटो आणि अंगठ्यासाठी नंबर लागायचा होता. लिहून देणारे तात्या सत्तरीचे. रस्त्याकडेची दोन एकर जमीन, साठ हजार रुपये गुंठ्यानं ठरलेली. ८० गुंठ्यांचे ४८ लाख. अकरा महिन्यांपूर्वी ३ लाख विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, झाला होता. समोर पांढऱ्या गाडीतून एक नवराबायको उतरले आणि थेट आमच्या बाकाकडे आले. तात्यांनी मला हळूच विचारलं, "वकीलसाहेब, हे कोन पावणं?"

"हेच घेणार आहेत."

"मग आपला भाऊ?"

भाऊ म्हणजे ज्यानं तात्यांच्या ओसरीवर चहा घेतला, देवाला हात जोडले आणि विसाराचे पैसे दिले तो. "भाऊ मान्यता देणार आहेत," मी म्हणालो. कागदाच्या भाषेत त्याला हेच म्हणतात: लिहून देणार, लिहून घेणार आणि मान्यता देणार.

"माझ्या जमिनीला त्याची कशाला मान्यता?"

याचं कायदेशीर उत्तर माझ्याकडे होतं. मी ते दिलं. समाधान दोघांचंही झालं नाही. पुढच्या अर्ध्या तासात पाहुणीबाई मोकळेपणानं बोलता बोलता म्हणाल्या की पंच्याऐंशीनं घेतली, जरा महागच पडली, पण विहीर आहे म्हणून घेतली. तात्या काही बोलले नाहीत. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले. ८० गुंठे गुणिले २५ हजार. २० लाख. मग नंबर आला आणि ते आत जाऊन अंगठा देऊन आले.

बेकायदा काहीच घडलं नव्हतं. म्हणून तर हा लेख लिहायचा.

या धंद्याला आपल्याकडे नाव नाही. भागाभागाप्रमाणे शब्द आहेत. आमच्याकडे विसार पावती, विदर्भात इसारचिठ्ठी, मुंबईकडे टोकन. कागद हातात घेऊन तो दुसऱ्याला वरच्या भावानं द्यायचा याला नुसतं "फिरवणं" म्हणतात. अमेरिकेत याला 'होलसेलिंग' म्हणतात आणि ते शिकवायचे क्लासही निघतात. अडचणीतला घरमालक गाठायचा, बाजारभावाच्या खाली करार करायचा, करारात खरेदीदाराच्या नावापुढे 'अँड ऑर असाइन्स' हे शब्द घालायचे आणि घर आपल्या नावावर न करताच तो करार दुसऱ्याला विकून मधला फरक घ्यायचा. 'अँड ऑर असाइन्स' म्हणजे आपलं "अगर ते सांगतील त्यांचे नावे". कुणी कुणाची नक्कल केलेली नाही, गरजच सारखी आहे.

या धंद्यावर सरसकट तोंडसुख घेणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. दलाल म्हटलं की शिवी, ही आपली सवय आळशीपणाची आहे. तात्यांच्या जमिनीचंच बघा. वडील जाऊन बारा वर्षं झालेली, वारसनोंद पडलेली नाही. दोन बहिणींचं हक्कसोडपत्र बाकी. सातबाऱ्याच्या इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा. पूर्वेच्या बांधाला चुलतभावाची कुरबुर. पुण्याहून जमीन बघायला आलेला माणूस असा सातबारा पाहून गाडीतून उतरतसुद्धा नाही. भाऊनं सहा महिने तलाठ्याकडे, मंडळ अधिकाऱ्याकडे खेटे घातले, बहिणींच्या घरी जाऊन बसला, सोसायटीचा दाखला आणला, मोजणी आणली, चुलतभावाला समजावलं. या कामाला किंमत आहे. ती कुणी दिली पाहिजे आणि किती, याबद्दल दोन मतं असू शकतात. कामच नव्हतं असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. शिवाय साठ हजार हा भाव तात्यांनी स्वतः कबूल केला होता. त्या दिवशी तो वाईट नव्हता.

मग माझी तक्रार काय? तात्यांना वाटलं आपण जमीन विकली. भाऊनं मात्र जमीन घेतलीच नव्हती. त्यानं अकरा महिने घेतले होते. अकरा महिने ही जमीन तात्या दुसऱ्या कुणाला देणार नाहीत, भाव चढला तर चढलेला भाग भाऊचा, पडला तर भाऊ फार तर विसार सोडून मोकळा. शेअर बाजारात अशा हक्काला ऑप्शन म्हणतात आणि त्याचे रोख पैसे मोजावे लागतात, जे परत मिळत नाहीत. इथं विसार शेवटी किमतीतच वळता होतो. म्हणजे हा हक्क फुकट. राहिलेल्या ४५ लाखांवर बँकेचं साधं ७ टक्के व्याज धरलं तरी अकरा महिन्यांचे २ लाख ८८ हजार होतात. मध्यंतरी पीक तात्यांनीच घेतलं हे खरं. पण विसारात आले साधारण तेवढेच पैसे थांबण्यात गेले, आणि ते थांबण्याचे पैसे आहेत हे तात्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही. माझी फी लिहून घेणारानं दिली होती. आमच्याकडे वकिलाची फी तोच देतो.

आता यात कायदा कुठं उभा आहे ते पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ स्पष्ट सांगतं की विक्रीच्या करारामुळे, म्हणजे साठेखतामुळे, त्या मिळकतीत कसलाही हक्क वा हितसंबंध निर्माण होत नाही. जी गोष्ट जमिनीतला हक्क नाही ती विकून भाऊनं वीस लाख मिळवले. यात विसंगती नाही. त्यानं जमिनीतला हक्क विकला नाही, तात्यांना खरेदीखत करायला लावण्याचा हक्क विकला. करारातले हक्क दुसऱ्याला देता येतात, जबाबदाऱ्या मात्र समोरच्याच्या संमतीशिवाय देता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये खर्दा कंपनीच्या प्रकरणात सांगितलं होतं. ते प्रकरण तागाचं होतं, तत्त्व सगळीकडचं आहे. ती संमती आधीच, न वाचता, घेऊन ठेवण्याचं काम ही तिसऱ्या पानावरची ओळ करते.

खरी मेख मुदतीत आहे. साठेखतात अकरा महिने लिहिलं म्हणजे अकरा महिन्यांनी कागद मेला असं तात्यांना वाटतं. कायदा तसं मानत नाही. जमिनीच्या व्यवहारात, करारात तसं ठासून लिहिलेलं नसेल तर, मुदत हा कराराचा प्राण नाही असंच गृहीत धरलं जातं. १९९३ च्या चांद रानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तेच म्हटलं. त्यात भर म्हणजे मुदत संपल्यावर करारपूर्तीचा दावा लावायला तीन वर्षं मिळतात. दावा लागला, त्याची नोटीस नोंदवली गेली, की ती नोंदणी कार्यालयाच्या सूचीत, म्हणजे इंडेक्समध्ये, दिसते आणि सर्च रिपोर्ट मागणारा कुठलाही शहाणा खरेदीदार त्या जमिनीकडे फिरकत नाही. आमच्या कोर्टात असे दावे आहेत ज्यांत लिहून देणारा गेला, त्याची बायको गेली आणि आता नातू तारखेला येतो. विसार होता एक्कावन्न हजारांचा.

ही अडचण न्यायालयाला दिसली नाही असं नाही. २०११ मध्ये शारदामणी कंदप्पन खटल्यात न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या पीठानं म्हटलं की जमिनीचे भाव स्थिर होते त्या काळातलं हे तत्त्व आजच्या चढत्या भावांच्या काळात पुन्हा तपासायला हवं, आणि थोडे पैसे देऊन वर्षानुवर्षं अडकवून ठेवणाऱ्याला जुन्या भावात जमीन मिळवून देणं न्याय्य ठरत नाही. त्याच वर्षी त्याच न्यायमूर्तींच्या पीठानं सूरज लॅम्प प्रकरणात कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या जोडीवर जमिनी फिरवण्याला मालकी म्हणायला नकार दिला. दिशा बरोबर होती. पण २०१८ मध्ये विशिष्ट अनुतोष कायदा, म्हणजे करारपूर्तीचे दावे ज्याखाली चालतात तो, बदलला. तोवर करारपूर्तीचा हुकूम द्यायचा की नाही हे न्यायाधीशाच्या विवेकावर होतं. करारामुळे एका बाजूला गैरफायदा मिळतोय किंवा दुसऱ्यावर अनपेक्षित संकट कोसळतंय असं दिसलं तर न्यायाधीश पैसे परत करायला सांगून मोकळं करू शकत असे. तो विवेक काढून टाकला. हेतू मोठ्या प्रकल्पांचे करार पाळले जावेत हा होता आणि तो चुकीचा नव्हता. त्या मोठ्या चाकाखाली तात्यांचं साठेखतही आलं, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

एक गोष्ट मला बरीच वर्षं दिसत होती, पण तिचा अर्थ लागला नव्हता. पुण्यात मेव्हण्याच्या फ्लॅटचा करारनामा वाचत होतो. बिल्डरचा कागद. त्यात ठळक कलम: सर्व रक्कम चुकती होईपर्यंत खरेदीदारानं या करारातला कोणताही हक्क प्रवर्तकाच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला देऊ नये. बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराच्या नमुना करारनाम्यातही अशा अर्थाचं कलम आहे. परवानगी हवी असेल तर बिल्डर ना हरकत पत्राचे पैसे लावतो, आणि ते किती हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना मी सांगायला नको. म्हणजे विकणारा बिल्डर असेल तर करार फिरवायला विकणाऱ्याची परवानगी लागते. विकणारा शेतकरी असेल तर ती परवानगी पहिल्याच दिवशी, फुकट, घेऊन ठेवलेली असते. कायदा दोघांना एकच आहे. फरक एवढाच की बिल्डरचा कागद बिल्डरच्या वकिलानं लिहिला, आणि शेतकऱ्याचा कागद घेणाऱ्याच्या.

नवी मुंबईत हेच तिसऱ्या रूपात दिसतं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी केलेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत द्यायची योजना आली. भूखंड ताब्यात यायच्या आधीच कित्येक घरांनी तो मिळण्याचा हक्क विकून टाकला. लग्न, आजारपण, कर्ज, कारणं नेहमीची. पण भूखंडाचं हस्तांतरण करायचं तर सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, त्रिपक्षीय करार मागते: देणारा, घेणारा आणि सिडको. शिवाय हस्तांतरण शुल्क. सिडको हे शेतकऱ्याच्या काळजीपोटी करत नाही, जमिनीची मालक म्हणून स्वतःचं राखायला करते. बिल्डर आपलं राखतो, सिडको आपलं राखते. ज्याचा अंगठा लागतो त्याच्याच कागदात तिसऱ्याचं नाव कोरं राहतं.

एकदा मालकाला हे सगळं समजावून सांगायला गेलो तर तो म्हणाला, "मग काय साहेब, मीबी दोघांकडून विसार घ्यायचा का?" घेतात. हेही लिहायला हवं. रस्त्याची बातमी आली की एकाच गटावर तीन-तीन विसार पावत्या निघतात आणि तिन्हींवर सही खरी असते. शेतकरी सगळे साधे आणि एजंट सगळे लबाड असं चित्र काढणाऱ्यानं आमच्या कोर्टात एक आठवडा बसावं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरच्या आखणीनं दहा जिल्ह्यांत काय काय झालं ते त्या भागातले वकील मित्र सांगतात, तेव्हा कोण कुणाला फसवत होतं हे वेगळं काढणं अवघड होतं. पण दोन्ही लबाड्यांचं मूळ एकच आहे. पाचशेच्या स्टँपवरची नोटरी केलेली पावती कुठंच दिसत नाही. जे दिसत नाही ते दोनदा विकता येतं आणि दोनदा फिरवताही येतं.

म्हणून माझं म्हणणं असं की साठेखत फिरवायला बंदी घालू नये, ते चोरून फिरवणं मात्र अशक्य करावं. शेतजमिनीच्या साठेखतातला हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो नोंदणीकृत कागदानंच द्यावा, त्या कागदावर मूळ मालकाची सही असावी आणि कितीला दिला तो आकडा त्यात असावा. सही नसेल तर त्या तिसऱ्या माणसाला करारपूर्तीचा दावा लावता येऊ नये. यासाठी नवा कायदाच लागतो असंही नाही. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १५ मध्ये आजही तरतूद आहे की करारातच हक्क हस्तांतरित करायला मनाई असेल तर ज्याला तो दिला त्याला करारपूर्ती सहजासहजी मागता येत नाही. मनाई लिहावी लागते, एवढंच. मला हे उलटं हवंय. शेतजमिनीच्या साठेखतात काहीच लिहिलेलं नसेल तर मनाई आहे असं धरावं, आणि फिरवायची मुभा हवी असेल त्यानं ती मागून, तिची किंमत मोजून, वेगळ्या सहीनं घ्यावी. आज गप्प राहण्याचा फायदा घेणाऱ्याला मिळतो, तो देणाऱ्याला मिळावा.

मुदतीचंही तसंच. अकरा महिने म्हणजे अकरा महिने. त्या दिवशी राहिलेली रक्कम दाखवता आली नाही तर करार संपला, दावा नाही, विसाराचं काय ते कागदात लिहिल्याप्रमाणे. मुदत हवी तर ती विकत घ्यावी, महिन्याच्या हिशोबानं, किमतीत वळती न होणारी. भाऊनं तात्यांना महिन्याला पंचवीस हजार थांबण्याचे दिले असते तर अकरा महिन्यांचे २ लाख ७५ हजार झाले असते. वीस लाखांतून ते त्याला जड गेले नसते, आणि तात्यांना आपण काय विकतोय ते पहिल्याच महिन्यात कळलं असतं.

यावर पहिला आक्षेप मुद्रांक शुल्काचा येतो. प्रत्येक टप्प्याला नोंदणी म्हटली की दुहेरी खर्च, मग लोक पुन्हा पांढऱ्या कागदाकडे वळणार. आक्षेप खरा आहे, पण सरकारनं त्याचं उत्तर फ्लॅटच्या बाबतीत आधीच देऊन ठेवलंय. बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्या गुंतवणूकदारानं तो ठरावीक मुदतीत पुढे विकला तर त्यानं भरलेलं शुल्क पुढच्या खरेदीदाराच्या शुल्कातून वजा होतं. ही मुदत एक वर्षाची होती, २०२२ मध्ये ती तीन वर्षांची केली. म्हणजे फ्लॅट फिरवणाऱ्याची सोय सरकार कायदा बदलून करतं, त्याला धंदा म्हणून ओळखतं. जमिनीच्या साठेखताला तीच वजावट द्या. मग नोंदणी टाळण्याचं जे कारण उरतं ते फक्त वरचे वीस लाख रोखीत घेण्याचं. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेण्यावर आयकर कायद्यानं २०१५ पासून साधारणपणे मनाई आहे, तरी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या गाड्यांमध्ये काय मोजलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या कारणाची कीव मला येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. किंमत उघड झाली तर मालक अडून बसेल, "पंच्याऐंशीनं देतोयस तर मला सत्तर दे" म्हणेल, आणि मग सहा महिने तलाठ्याचे खेटे कोण घालणार? हे होईल. काही व्यवहार मोडतील. पण यात जी भीती आहे ती नीट पाहा: मालकाला खरं कळलं तर तो सही करणार नाही. जो धंदा समोरच्याला खरं न कळण्यावर उभा आहे त्याला आपण कष्टाचा मोबदला म्हणतो. कष्टाचा मोबदला हवाच असेल तर तो दलाली म्हणून मागता येतो, दोन टक्के म्हणा, चार म्हणा, वारसनोंद आणि मोजणीचे वेगळे म्हणा. तो मागताना कुणापासून काही लपवावं लागत नाही.

चढलेल्या भावात मूळ मालकाचा वाटा ही कल्पनाही काही मी झोपेत काढलेली नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १०२ नुसार संपादित जमीन काही विकास न करता पाच वर्षांच्या आत चढ्या भावानं दुसऱ्याला दिली, तर वाढलेल्या किमतीतला ४० टक्के वाटा ज्यांची जमीन घेतली त्यांना किंवा त्यांच्या वारसांना द्यावा लागतो. ते कलम सरकारी संपादनाचं आहे आणि खासगी व्यवहाराला लागू नाही. पण संसदेनं एक गोष्ट मान्य केली, ती महत्त्वाची: जमिनीवर कुदळसुद्धा न मारता मिळालेली वाढ ही सगळीच्या सगळी मधल्याची नसते. मी इथं ४० टक्के मागत नाही. आकडा कळावा, एवढंच मागतोय.

अमेरिकेतल्या राज्यांनी वेगवेगळे रस्ते धरले. इलिनॉयनं २०१९ मध्ये बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त असे व्यवहार करणाऱ्याला ब्रोकरचा परवाना सक्तीचा केला. ओक्लाहोमानं २०२१ मध्ये कायदाच केला आणि त्याच्या नावात 'शिकारी' अशा अर्थाचा शब्द घातला. पेनसिल्व्हेनियानं २०२४ च्या कायद्यात घरमालकाला हे काय चाललंय ते सांगणं बंधनकारक केलं आणि करार मोडण्याचा हक्क दिला. आपल्याकडे परवान्याचा रस्ता मला तितका पटत नाही. रेराखाली एजंटची नोंदणी आहे, महारेरानं परीक्षाही आणली, पण ती नोंदणीकृत प्रकल्पातल्या फ्लॅट-प्लॉटपुरती. शेतजमिनीचा सौदा जुळवणाऱ्याला कुठलाच परवाना लागत नाही, आणि उद्या लावला तर गावातला भाऊ पुतण्याच्या नावावर काढेल. माणसाला परवाना देण्यापेक्षा कागदाला वळण लावणं सोपं पडेल. पेनसिल्व्हेनियाची तऱ्हा त्यातल्या त्यात आपल्या उपयोगाची.

दुय्यम निबंधक यात काही करत नाही आणि त्याला करायचा अधिकारही नाही. तो मुद्रांक बघतो, ओळख बघतो, सही-अंगठा घेतो. करार शहाणपणाचा आहे का, हे विचारणं त्याचं काम नव्हे. त्यामुळे तात्या आणि ती ओळ यांच्या मध्ये उभं राहणारं शेवटचं माणूस म्हणजे कागद लिहिणारा वकील किंवा स्टँपव्हेंडरशेजारचा दस्तलेखक. तो घेणाऱ्याचा असतो, हे मी वर सांगितलंच आहे.

तात्यांच्या प्रकरणानंतर मी माझ्या नमुन्यातली ओळ बदलली. आता तिथं असं आहे: "सदर करारातील हक्क लिहून घेणार यांना लिहून देणार यांचे नोंदणीकृत लेखी संमतीशिवाय अन्य कोणासही देता येणार नाहीत." टायपिस्टनं विचारलं, ही सगळ्यांनाच ठेवायची का? म्हटलं, सगळ्यांनाच.

पहिल्या महिन्यात दोन कागद झाले, दोन्ही घरातल्या घरात घेणाऱ्यांचे. त्यांना ओळीची अडचण नव्हती. मग एक एजंट आला, माझा जुना अशील, वर्षाला पंधरा-वीस दस्त आणणारा. कच्चा कागद वाचला. वाचतो तो, हे सांगायला हवं. बोट ओळीवर ठेवून म्हणाला, "वकीलसाहेब, एवढी काढा. पार्टी थांबायची नाही."

"पार्टी तर तुम्हीच ना? कागदात तुमचंच नाव आहे."

तो हसला. कागदाची घडी घालून खिशात ठेवली, चहाचे पैसे दिले आणि आवाराच्या पलीकडच्या टेबलाकडे गेला. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये जुना नमुना आहे.